दाराखालची पाचर

मी एक जुनी पाचर आहे. मित्रांनो, नाव ऐकून हसू नका. कुणाचं जमत आलेलं काम बिघडलं की लोक म्हणतात, "याने पाचर मारली." करतो माणूस आणि नाव खराब होतं आमच्या घराण्याचं.

सुताराने बाकाचा पाय कापला, तेव्हा उरलेल्या तुकड्यातून माझा जन्म झाला. चौथीच्या वर्गाचं दार वाऱ्याने धाडकन आपटायचं, म्हणून शिपाईकाकांनी मला त्याच्याखाली सरकवलं. तिथे जमिनीलगत मी अर्धवट झोपेत असायचे. वरून पाढे तरंगत जायचे, उन्हाची पट्टी फरशीवरून हळूहळू सरकायची आणि मला वाटायचं, आपण अजून झाडावरच आहोत.

त्या वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे भिंगरी म्हणत. तिला एका जागी बसवतच नसे. मध्येच उठायची, गोल फिरायची, गुणगुणायची. मग बाई तिला बाहेर उभं करत, मलाही बाहेर सारत आणि दार लोटून घेत. एकदा मुख्याध्यापक तिच्या आईला व्हरांड्यात म्हणाले, "बाकीच्यांचा अभ्यास बुडतो हो. सोमवारपासून तिला आणू नका."

"मग ती शिकणार कुठे?" आईने विचारलं. मुख्याध्यापक पाठ फिरवून निघून गेले. मला फार वाईट वाटलं, पण लाकडाला तोंड कुठे असतं?

शनिवारी भिंगरी पुन्हा बाहेर होती. दार जरा किलकिलं झालं, तसं तिने मला पायाने हळूच फटीत सरकवलं. आत बाई विचारत होत्या, "दोन नद्या एकत्र येतात, त्याला काय म्हणतात?"

मुलं पुस्तकं चाळू लागली. फटीतून आवाज गेला, "मैत्री."

सगळे हसले. बाईही हसल्या. दारापाशी येऊन त्यांनी वाकून मला पाहिलं.

"संगम म्हणतात," त्या भिंगरीला म्हणाल्या. "चुकायचंच असेल तर आत येऊन चूक."

दुपारी त्या मुख्याध्यापकांना म्हणाल्या, "तिचं उत्तर चुकलं, सर. पण चुकणारी बाकीची सगळी आत बसतात."

सरांनी बराच वेळ चष्मा पुसला. "बघू महिनाभर," ते म्हणाले. तो महिना पुढे कधी संपलाच नाही.

भिंगरीची जागा दाराजवळ झाली. पाय शिवशिवले की ती व्हरांड्यात एक फेरी मारून यायची. तोवर मी दार उघडं धरून बसायचे. बाई म्हणायच्या, "या पाचरीचीही हजेरी घ्यायला हवी." तेवढ्या कौतुकावर मी कितीतरी वर्षं सुखाने डुलत राहिले.

आता आपोआप मिटणारी दारं आली आहेत. मी खिडकीत खडूच्या डबीमागे धूळ खात पडले आहे. काल दार मिटलं आणि व्हरांड्यातून गुणगुण ऐकू आली. स्वप्न असेल, असं मला वाटलं. पण ते स्वप्न नव्हतं. बाहेर कुणीतरी उभं होतं.

मित्रांनो, मला पुसूनबिसून ठेवा, असं मी म्हणत नाही. तुमच्यापैकी जो दाराजवळ बसतो, त्याने मला फक्त खिडकीतून खाली घ्यावं. मला पाय नाहीत. दाराखाली सरकायला मला तुमचाच पाय लागतो.