आत उघडणारा दरवाजा

मित्रांनो, घरात आलेला कुठलाही पाहुणा माझे कौतुक करत नाही. कौतुक होते ते पुढच्या दरवाजाचे. त्याला पितळी मूठ आहे, घंटा आहे, नावाची पाटी आहे. मी एक जुना दरवाजा आहे, तोही न्हाणीघराचा. खालून थोडा कुजलो आहे आणि वरून रंगाचे थर चढवून घेतले आहेत. माझ्याकडे माणसे येतात ती घाईत, आणि जातात ती ओल्या हातांनी मला ओढून. तरीही आज मला बोलायचे आहे. माझ्यावरून या घरात एकदा मोठे भांडण झाले. ते मिटवायला शहाण्यासुरत्या माणसांना इतका वेळ लागला, की अजून आठवले तरी माझ्या बिजागऱ्या कुरकुरतात.

माझा जन्म सुताराच्या दुकानात झाला. पुढच्या दरवाजासाठी आणलेल्या लाकडातून ज्या फळ्या उरल्या, त्यांचा मी. चौकट बसवताना सुताराने घरमालकांना विचारले, "हा कुठं उघडायचा? आत की बाहेर?" मालक तेव्हा तरुण होते. आता ते आजोबा झाले आहेत. तुमचा गोंधळ नको म्हणून मी त्यांना पहिल्यापासून आजोबाच म्हणतो. तर आजोबांच्या हातात चहाचा कप होता. ते म्हणाले, "आत. सगळ्यांचे आतच उघडतात." एवढे बोलून त्यांनी कप तोंडाला लावला. माझ्या आयुष्याचा निर्णय एका घोटात झाला.

घरात माणसे तीन. आजोबा, त्यांची बायको म्हणजे आजी, आणि त्यांची लेक. सकाळी डोळे उघडल्यापासून सगळ्यांच्या तोंडी आजीचेच नाव. "अगं, माझा चष्मा कुठाय?" "आई, माझी वही?" "अगं, दाराशी कोण आलंय बघ." आजी अंघोळीला गेली आणि माझी कडी सरकवली, की मगच ती या सगळ्यांतून सुटायची. हाका तेव्हाही यायच्या. ती पाणी जोरात ओतायची आणि आतून ओरडायची, "ऐकू येत नाही!" मला स्पष्ट ऐकू यायचे. तिलाही यायचे. आत ती काही विशेष करत नसे. अंघोळ झाली की बादलीच्या काठावर हात ठेवून थोडा वेळ नुसती बसायची, एवढेच. एकदा शेजारणीला ती म्हणाली, "या घरात माझी म्हणावी अशी तेवढीच जागा. निदान तिला कडी तरी आहे."

मला आयुष्यात मिळालेली शाबासकी ती एवढीच. तीही खरे तर कडीला होती.

वर्षे गेली. दमट हवेत मी फुगायचो, मग आजोबा मला शिव्या द्यायचे. कोरड्या हवेत मी आकसायचो, मग फटीतून वारा येतो म्हणून द्यायचे. लेक लग्न होऊन परगावी गेली. आणि एका सकाळी आजीची डावी बाजू गेली. दवाखान्यातून ती परत आली ती काठी घेऊन. डावा पाय ओढत चालायची, डावा हात नुसता लोंबत असायचा. उजवा हात आणि जीभ मात्र पहिल्यासारखीच होती.

व्यायाम शिकवायला एक बाई येत असत. त्यांनी न्हाणीघर पाहिले आणि सांगितले, "बसायला पक्कं स्टूल हवं, भिंतीला धरायला दांडा हवा, खाली पाय न घसरणारी चटई, आणि हातात धरायचा शॉवर." आजोबांनी कंबर कसली. "तू बघच," आजीला म्हणाले, "तुला राणीसारखी अंघोळ करता येईल." मग त्यांनी प्लंबरला विचारले, दुकानदाराला विचारले, समोरच्या घरातल्या निवृत्त इंजिनिअरला विचारले. विचारायचे राहिले ते फक्त आजीला.

दांडा तिच्या उजव्या हाताला यायला हवा होता. एका भिंतीला खिडकी होती, दुसऱ्या भिंतीत नळाचे पाइप होते. म्हणून तो तिसऱ्या भिंतीला बसवला. आता ही तिसरी भिंत कोणती? ज्या भिंतीला मी उघडून टेकतो, तीच. भिंतीला भोके पडत होती तेव्हा मी तिथेच उघडा उभा होतो. मला बाजूला ढकलून त्यांनी भोके पाडली, दांडा घट्ट केला, हात झटकले. एकाच्याही डोक्यात आले नाही, की हा इथे मधे का येतोय बुवा.

शेजारी बघायला आले. "वा! अगदी दवाखान्यासारखं केलंत!"

"तिथूनच सुटून आलेय मी," आजी म्हणाली.

मग पहिल्या अंघोळीचा दिवस आला. आजोबांनी दांड्याजवळ स्टूल ठेवले, आजीला धरून आणले, बसवले, बाहेर आले आणि मला ओढले. मी स्टुलावर आपटलो. त्यांनी पुन्हा ओढले. मी पुन्हा आपटलो. मित्रांनो, हे नीट समजून घ्या, कारण यांना समजायला फार वेळ लागला. स्टूल दांड्याजवळ ठेवले की ते माझ्या वाटेत येते, मग मी लागत नाही. मला आधी लावून घ्यायचे, तर स्टूल कोणीतरी आतून सरकवायला हवे. आजीला ते एका हाताने जमत नाही. दुसऱ्या कोणी सरकवले, तर तो माणूस आतच राहतो. झाले! चटई आली, शॉवर आला, दांडा आला, आणि माझी कडी गेली.

"राहू दे उघडा," आजोबा म्हणाले. "मी पाठ करून उभा राहतो. घरात आहे कोण दुसरं?"

ते पाठ करून उभे राहिले. शॉवर सुरू झाला.

"झालं का?"

"आत्ता तर पाणी घेतलं."

थोडा वेळ गेला. "झालं का गं?"

"अहो, साबण तरी लावू द्याल?"

"मी बघत नाहीये."

"बघत नाही हो, पण विचारताय किती!"

तेवढ्यात दूधवाल्याने हाक मारली आणि पुढचा दरवाजा ढकलला. पुढच्या दरवाजातून सरळ माझ्यापर्यंत दिसते. आजोबा दोन्ही हात पसरून ओरडले, "थांबा! पुढं येऊ नका! अंघोळ चाललीय!" दूधवाला बिचारा पातेले न मागताच पळाला.

"आता गच्चीवर जाऊन सांगा," आजी आतून म्हणाली. "खालच्या गल्लीला कळायचं राहिलंय."

दुसऱ्या दिवशी आजीला बरे वाटत नव्हते. तिसऱ्या दिवशी गारठा होता. मग डोके दुखत होते. मग ती म्हणाली की ओल्या फडक्याने अंग पुसून घेते, तेवढे पुरे. आजोबांना वाटले, दुखणे वाढले. त्यांनी डॉक्टरांना बोलावले. डॉक्टर तपासून म्हणाले, सगळे ठीक आहे. एवढा खटाटोप झाला, पण माझ्याकडे एकदाही कोणी वळून बघितले नाही.

लेक आली. आईच्या केसांवरून हात फिरवून म्हणाली, "आई, केस किती चिकट झालेत गं. चल, मी घालते अंघोळ. माझ्यापुढे कसली लाज?"

"लाज नाही गं बाई," आजी म्हणाली. "मला घातलेली अंघोळ नकोय. मला माझी करायचीय. दार लावून."

हे तिने किती सोपे सांगितले! तरी उपाय सुरू झाले ते भलतेच. सुताराला बोलावून मला कडेने तासले. माझी चांगली बोटभर कड गेली आणि मी स्टुलावर आधीसारखाच आपटत राहिलो. मग लहान स्टूल आणले. ते इतके डुगडुगत होते, की व्यायामाच्या बाईंनी ते उचलून बाहेर ठेवले. शेवटी लेक बाजारातून एक प्लास्टिकचा पडदा घेऊन आली. त्यावर निळे मासे होते. "दरवाजाच काढून टाका बाबा. याची कटकटच नको."

माझी कटकट! मी काय केले होते? पण सुताराने माझ्या वरच्या बिजागरीचा एक स्क्रू सैल केलाही. आजी काठी टेकत न्हाणीघरासमोरच्या बोळात आली.

"पडद्याला कडी कुठाय?" तिने विचारले.

आजोबा चिडले. "कडी कशाला हवीय तुला? आत पडलीस म्हणजे? मी येऊ कसा?"

"कडी नसली तरी कसे याल? पडले तर मी याच्या मागंच पडणार. आणि हा उघडतो आत. मला ढकलत येणार का?"

आजोबांनी मला आत ढकलून बघितले.

"त्या दिवशी स्टुलावर बसून मला दुसरं बघायला काय होतं हो?" आजी म्हणाली. "बिजागऱ्याच बघत होते. त्या फिरवा. हा बाहेर उघडू दे. स्टूल राहील जिथल्या तिथं. मी आत जाईन, बसेन, दार ओढून घेईन. पडलेच, तर बाहेरून उघडा की."

मित्रांनो, मी स्टुलावर आपटून आपटून इतके दिवस दुसरे काय सांगत होतो? पण लाकडाचे कोण ऐकतो.

"छे, जमायचं नाही," आजोबा म्हणाले. "बाहेर उघडला तर कपाटाला आपटेल."

हे कपाट म्हणजे बोळातले लोखंडी कपाट. त्यात आजोबांचा खजिना होता. जळालेला मिक्सर, पोट फाडलेला रेडिओ, वायरींची भेंडोळी, छत्रीच्या काड्या, आणि झाकणे हरवलेल्या डब्यांची रास. कधीतरी लागेल म्हणून ठेवलेले.

"ते हलवा," आजी म्हणाली.

"ते पहिल्यापासून तिथं आहे."

"मीपण पहिल्यापासून आहे."

"अगं, पण एवढं सामान…"

"त्यातलं एक तरी चालतं का?"

"रेडिओ चालेल. एक वायर जोडली की चालेल."

"मग माझा पायही चालेल. जोडा वायर."

लेक पदरात तोंड लपवून हसली. सुतारही हसला. आजोबा मात्र रागाने पुढच्या खोलीत जाऊन बसले. मला वाटले, संपले. आता मासे लटकणार.

दुपारी कपाटाच्या दाराचा आवाज आला. आजोबा एकेक वस्तू बाहेर काढत होते. प्रत्येक वस्तू ते हातात धरून बघायचे, मग पोत्यात टाकायचे. रेडिओ त्यांनी टाकला नाही. रिकामे कपाटही घराबाहेर जाऊ दिले नाही. लेक आणि सुताराकडून ढकलून घेऊन ते त्यांनी आपल्याच पलंगाला चिकटवून ठेवले. त्या दिवसापासून ते पलंगावर खेकड्यासारखे आडवे सरकत चढू लागले.

सुताराने चौकटीला पट्टी ठोकून माझ्या तासलेल्या कडेची फट भरली, बिजागऱ्या फिरवल्या, आतून मूठ लावली. मुठीला दोरी बांधली, म्हणजे आजीला बसूनच मला ओढता यावे. लेकीने पडदा परत केला आणि बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी नवी कडी आणली. "पाणी बोळात गळेल हं," सुतार म्हणाला, "मग मला बोलू नका."

"मी पुसेन," आजोबा म्हणाले.

मग आजी आत गेली. उजव्या हाताने दांडा धरून स्टुलावर बसली, दोरी ओढली आणि मी लागलो. आयुष्यात प्रथमच मी उलट्या बाजूने लागलो, पण असा चपखल पूर्वी कधी बसलो नव्हतो. तिने कडी सरकवली. बाहेर आजोबा नाणे घेऊन उभे होते.

"झालं का?"

उत्तर नाही.

"अगं, झालं का?"

आत नुसते पाणी वाहत होते. आजोबांचा श्वास मला लाकडातून कळत होता. त्यांनी नाणे कडीच्या खाचेत घातले.

"काढा ते नाणं," आजी आतून म्हणाली. "जिवंत आहे मी. मुद्दाम बोलत नव्हते."

आजोबा भिंतीला टेकून खालीच बसले. आत आजी मोठ्याने हसत होती. त्या दिवशी ती इतका वेळ आत होती, की टाकीतले गरम पाणी संपले.

त्यानंतरची आजीची सगळी वर्षे तशीच गेली. रोज सकाळी दोरी, कडी, आणि मग बोळात फडके घेऊन उभे राहिलेले आजोबा. पुढे ती थकली. एका पहाटे झोपेतच गेली. न्हाणीघरात नाही, पडूनही नाही. ज्याची सगळ्यांना भीती होती ते शेवटपर्यंत झाले नाही.

आता घरात आजोबा एकटेच असतात. आणि मित्रांनो, ते मला लावतच नाहीत! सताड उघडा ठेवून अंघोळ करतात. मी बोळात मधोमध लटकत राहतो, येताजाता त्यांचाच खांदा मला लागतो. प्रथम वाटले, विसरत असतील. मग लक्षात आले, की माणूस दार लावतो ते बाहेर आपले कोणीतरी असते म्हणून. बाहेर कोणीच नसेल, तर लावायचे कोणापासून?

तुमच्या घरात कोणी कडी लावून बसले तर वैतागू नका. आणि घरातल्या कोणासाठी काही करायला घेतलेत, तर आधी त्यालाच विचारा. गावाला नंतर विचारा. माझी कड पुन्हा उगवून आलेली नाही.

आणि आजोबांना कोणीतरी सांगा. एकटे असले म्हणून काय झाले? पुढच्या दरवाजाखालून गार वारा सरळ आत येतो. ओल्या अंगाने ते त्यातच बसून राहतात, आणि या वयात सर्दी छातीत उतरते. उठून मला ओढून घ्या म्हणावे. मला आपणहून लागता येत नाही.