बकऱ्याच्या कातड्याची आसवं

सुकुआ गावच्या बाजारातल्या केळीवाल्या बायासुद्धा पाट्या टाकून एलिसेओच्या मांडवाकडे धावल्या. त्याच्या हातातल्या दोरीला टांगलेलं मुठीएवढं मुंडकं रडत होतं. शिवलेल्या पापण्यांतून खरोखर थेंब गळत होते.

एलिसेओ हा डोंगरापलीकडून आलेला वैदू. त्याचं म्हणणं, हा दोनशे वर्षांपूर्वीचा, इथल्या शुआर जमातीचा योद्धा. रोग्याचा ताप स्वतःत ओढून घेतो आणि त्या वेदनेनं रडतो. मात्र रोग्यानं दवाखान्याच्या गोळ्या घेतल्या की योद्धा रुसतो. दोनशे वर्षांच्या मढ्याला गोळ्यांचा वास बरा कळत होता.

गर्दीच्या मागे म्हातारा चुंपी मान खाली घालून उभा होता. तोही शुआर, आणि ते मुंडकं त्यानं पाहताक्षणी ओळखलं होतं. दहा वर्षांपूर्वी त्यानंच ते बनवलं होतं. परदेशी पाहुण्यांना विकायला त्यानं अशी कैक बनवली होती. पुढे मुलगा शाळामास्तर झाला, तेव्हा चुंपीनं साचे नदीत फेकले आणि तो विषय कधी काढला नाही. आता तोंड उघडलं तर मुलाची अब्रू जाणार होती. त्याच्या डोळ्यांदेखत मामाच नावाची त्याची पुतणी आपल्या पाच वर्षांच्या लेकीला, इपियाकला, हाताला धरून मांडवात शिरली. पोरीला थोडी कणकण होती. चुंपी गुपचूप घरी गेला. दुसऱ्या दिवशीही गप्पच राहिला.

तिसऱ्या दिवशी मामाचनं पोरीला खांद्यावर टाकून पुन्हा मांडवात आणलं. अंग फणफणलेलं, मान ताठ. दवाखान्यातून आणलेल्या गोळ्या तर तिनं पहिल्याच दिवशी फेकून दिल्या होत्या.

चुंपी गर्दीतून पुढे घुसला. दोरीसकट मुंडकं ओढून घेतलं आणि मानेत बोटं घालून ओली चिंधी बाहेर काढली. एलिसेओ मुंडकं धरताना अंगठ्यानं तीच दाबायचा आणि पाणी टाक्यांच्या भोकांतून पाझरायचं.

"हे बकऱ्याचं कातडं आहे," तो म्हणाला. "नाकपुड्यांत केस नाहीत, कान वेगळे शिवलेत. मीच शिवलेत."

मग त्यानं खालमानेनंच सगळं सांगितलं. पूर्वज शत्रूचं डोकं आणायचे, कवटी काढून कातडं उकळायचे, तापलेली वाळू भरून आटवायचे. मेलेल्याच्या आत्म्यानं सूड घेऊ नये म्हणून ओठ शिवायचे. विजयाचा सण उरकला की त्यांच्या लेखी ती रिकामी पिशवी. मग व्यापारी तिच्या बदल्यात बंदुका देऊ लागले, आणि बंदुकांपायी आणखी माणसं मेली. खऱ्या मुंडक्यानंही कधी कुणाचा ताप उतरवला नव्हता.

एलिसेओ तोवर पसार झाला होता. मामाच पोरीला घेऊन दवाखान्याकडे निघाली, पण क्षणभर थांबली.

"काका, पहिल्या दिवशी तुम्ही इथंच होतात ना?"



इपियाक वाचली. पण ताप मेंदूत गेला होता, त्यात दोन्ही कान गेले. चुंपीच्या मुलाची अब्रू मात्र गेली नाही. त्याला कुणी अवाक्षरानं बोललं नाही. उलट त्यानंच वडलांना आपल्या वर्गात नेऊन उभं केलं. तिथं पोरांना चुंपी एवढंच म्हणाला, "दोरी कुणाच्या हातात आहे ते बघा. औषध का सोडायला सांगतो ते विचारा. आणि खरं ठाऊक असेल तर त्याच दिवशी बोला. मी तिसऱ्या दिवशी बोललो."