बदल नाही

विनिपेगच्या इस्पितळात स्कॅन वाचणारी डॉक्टर मॉरीन संतापाने लाल झाली होती. व्हर्नाबाईंच्या स्वादुपिंडाची नळी दरवर्षी किंचित रुंदावत होती, पण प्रत्येक डॉक्टरने ती फक्त गेल्या वर्षीच्या स्कॅनशी ताडून 'बदल नाही' असं लिहिलं होतं. मॉरीनने सर्वांत जुना स्कॅन आजच्या शेजारी लावला. तेव्हाची दोऱ्याएवढी नळी आता करंगळीएवढी झाली होती, आणि तिचं तोंड अडवून गाठ बसली होती.

"अगं, प्रत्येक अहवाल आपापल्या जागी बरोबरच होता," सहकारी ग्रँट म्हणाला.

"हो ना! तुम्ही सगळे बरोबर," मॉरीन कडाडली. "आता व्हर्नाबाईंना तूच जाऊन सांग. म्हणावं, चूक कोणाचीच नाही, बदलही नाही, फक्त गाठ आहे."