शुद्ध अर्क

टण्ण! माझा धक्का लागून फळीवरची बाटली खाली आदळली आणि भर दुपारची शांतता फुटली. धाकट्याचा नुकताच डोळा लागला होता. तो दचकून रडायला लागला. मी मात्र जमिनीकडंच बघत राहिले. बाटली शाबूत होती, पण टोपण उडून कोंबड्यांचं नवंकोरं औषध मातीत मुरत होतं.

खुराड्यात साठ कोंबड्या शिंकत होत्या. पाच गेल्या होत्या. थोरलीची लाडकी तुरेवाली कोपऱ्यात डोळे मिटून बसली होती, आणि थोरली तिच्याशेजारी.

कालच औषधवाला येऊन गेला. "वहिनी, शुद्ध वनस्पतींचा अर्क! प्रतिकारशक्ती अशी वाढते, की रोग वाट विसरतो."

सासूबाईंनी बाटली हुंगली. "लसूणच की रे हा! चार दिवस मी हेच सांगतेय, तर लेक म्हणतो, म्हातारीला खूळ लागलं."

"आजी, तुमचं ते वाटण. हा अर्क!"

"अर्क तर तू आहेस मेल्या!"

"आजी, अर्क म्हणजे?" थोरलीनं विचारलं.

"पक्का लबाड."

"आई, शास्त्रीय आहे ते," हे म्हणाले. "लेबल तरी बघ."

आणि आता रिकाम्या बाटलीवर लेबल तेवढं उरलं होतं. मी सासूबाईंकडं धावले. "आत्या, ह्यांना काय सांगू?"

"काही नाही. तोंडात मूग धर." त्यांनी पाटा मांडला, थोरलीला लसूण सोलायला बसवलं. लसूण, हळद, ओवा वाटून, फडक्यानं गाळून त्याच बाटलीत भरलं. "माझ्या औषधात एवढंच कमी होतं बघ. लेबल!"

संध्याकाळी ह्यांनी टोपणानं मोजून पाण्यात घातलं. "वास बघ! याला म्हणतात औषध."

सासूबाईंना पदराआड खोकला आला.

आठवड्यात शिंका थांबल्या. लसणानं, की आपसूक, ते कोंबड्यांनाच ठाऊक. तुरेवाली उकिरडा उकरायला लागली. औषधवाला धावत आला, ह्यांच्या हातात बाटली देऊन फोटो काढला.

"बघितलीत आजी, अर्काची करामत?"

"बघितली बाबा. वर लेबलही आहे."

हे खूश, तो खूश. थोरली तुरेवालीला काखेत मारून उभी होती. तिनं बाटलीकडं पाहिलं, औषधवाल्याकडं पाहिलं, आजीकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मग सगळ्यांच्या देखत माझा पदर ओढला.

"आई, यातला खरा अर्क कोण गं?"