न आलेला अंक

पंथाच्या साप्ताहिकाची शंभर वर्षं स्कॅन होत होती आणि संपादकांचा जीव थाऱ्यावर नव्हता. मधली तीन वर्षं वाळवीने फस्त केली होती. वर्षभर आवाहनं करूनही कुठे एक प्रत मिळाली नाही. विश्वस्त हळहळले, संपादकही तोंडदेखले हळहळले, पण आतून त्यांना सुटल्यासारखं झालं. त्यांना नकोशी असलेली चौकटीतली एक बातमी त्याच वर्षांतली होती. त्यांच्या थोरल्या बहिणीने, ताईने, पंथाबाहेर लग्न केलं, तेव्हा कधीच्या बंद पडलेल्या जुन्या रिवाजाप्रमाणे जिवंतपणीच तिच्या निधनाची बातमी छापली गेली. तेव्हा संपादक त्यांचे वडील होते. पण मजकूर लिहिला होता आताच्या संपादकांनी, एकोणिसाव्या वर्षी, चांगल्या हौसेने.

मग टपाल पाहणाऱ्या म्हाताऱ्याने घोळ घातला. ते अंक ताईंकडे असतील, असं तो भर बैठकीत बोलून गेला. वडील दर आठवड्याला स्वतः पत्ता घालून तिला एक प्रत पाठवत, हे त्याने तीस वर्षं पोटात ठेवलं होतं. विश्वस्तांनी संपादकांनाच तिकडे पिटाळलं.

बहिणीचा जिना ते एकेक पायरी मोजत चढले. ताई ती चौकट तोंडावर मारणार, याची त्यांना खात्री होती. ताईने मात्र पाणी दिलं आणि कपाटातून वर्षवार बांधलेले गठ्ठे काढले. संपादक उभ्याउभ्याच तारखा चाळू लागले. एकदा चाळल्या, पुन्हा चाळल्या. तो आठवडा त्यांत नव्हता.

"एवढा एकच अंक आला नाही बघ," ताई म्हणाली. "टपालात गहाळ झाला असेल. काय होतं रे त्यात?"

संपादकांनी चाळणं थांबवलं. म्हणजे वडिलांनी तो अंक पाठवलाच नव्हता, हिला ठाऊकच नव्हतं. विशेष काही नव्हतं म्हटलं की सुटका होती. खोटं पकडायला आता कागदच उरला नव्हता. ते खिडकीपाशी गेले, परत आले, गठ्ठ्याची सुतळी सोडून पुन्हा बांधत बसले. आपल्या भित्रेपणाची त्यांना शिसारी आली.

"तू वारल्याची बातमी," ते म्हणाले. "मी लिहिली होती."

ताई खुर्चीत बसली. तिने एक गठ्ठा जवळ ओढला.

"आई गेल्याचं मी ह्यातच वाचलं, आठ दिवसांनी," ती म्हणाली. "तुम्ही कोणी कळवलं कसं नाही, ह्याचा विचार मी इतकी वर्षं करतेय."

मग तिने कागद आणि पेन त्यांच्यापुढे सरकवलं. आठवेल तेवढं लिही म्हणाली, आणि खाली स्वतःचं नाव घाल.

संपादकांना आठवावं लागलं नाही. शब्दन्‌शब्द पाठ होता.