बाटलीवरचं नाव

वर्षातून एकदा सकाळी उठल्या उठल्या आमचे हे माझ्या हातात चहाच्या आधी बाटली ठेवतात. बोटभर उंचीची, पांढऱ्या झाकणाची, वर यांचं नाव चिकटवलेलं. मी ती बाथरूममध्ये नेऊन भरून आणते. हे रुमालात गुंडाळून खिशात घालतात आणि कंपनीच्या वार्षिक तपासणीला जातात. लग्नात सगळे म्हणाले होते, सुखदुःख वाटून घ्या. इतकं बारकाईनं वाटायचं असतं हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

कारण मुतखडा. हे कंपनीची बस चालवतात, कामगारांना पाळीप्रमाणे आणतात, सोडतात. ज्याच्या लघवीत रक्ताचा अंश निघतो, त्या ड्रायव्हरला तिथे गाडीवरून उतरवतात. मुतखड्याची कळ आली की माणूस जागच्या जागी दुमडतो, आणि पाठीमागे बसभर माणसं बसलेली असतात. नियम वाईट आहे असं मी कधीच म्हटलं नाही. पण उतरवलेला ड्रायव्हर डेपोत बस धुतो, आणि यांना दुसऱ्याची बस धुण्यापेक्षा मरण परवडेल. यांचा खडा एकदा पडून गेला, रक्ताचा अंश मात्र राहिला. हे कसं कळलं म्हणाल, तर यांनी बाहेरच्या लॅबमध्ये भलतंच नाव सांगून तपासून घेतलं. नावांची अदलाबदल यांच्या अंगवळणीच पडलीय.

इलाज करून घ्या म्हटलं तर विमा आडवा येतो. मुतखडा, हर्निया, मोतीबिंदू, मूळव्याध, म्हणजे जे चारचौघांना होतं त्यातलं काहीही, पहिली दोन वर्षं विम्यात बसत नाही. आणि दोन वर्षं भरत आली की कंपनी विमाच बदलते. पुन्हा पहिल्यापासून वाट बघा. हे म्हणतात, "अगं, एवढी दोन वर्षं निघू देत." हे वाक्य ऐकता ऐकता माझे केस पांढरे झाले.

तपासणी खरं तर नवरा-बायको दोघांनाही फुकट असते. मी कधी गेले नाही. जाणार कशी? दोघांच्या बाटल्या एकाच टेबलावर जायच्या आणि दोन्हींतला माल एकाच दुकानातला. आकडे हुबेहूब जुळले आणि कुणाच्या डोक्यात किडा वळवळला म्हणजे? तेव्हा यांच्या नावानं मी दरवर्षी तपासली जायचे आणि माझ्या नावापुढे "अनुपस्थित" लागायचं. मला त्याचं काही वाटत नव्हतं. मी धडधाकट आहे हे यांच्या रिपोर्टवरून मला दरवर्षी कळतच होतं.

मी लाँड्रीत इस्त्री करते. हॉटेलांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, सगळं उभ्यानं. यंदा मी थकत होते. थकणं नवं नाही, पण हे थकणं वेगळं होतं, झोपून उठलं तरी तसंच. पायांवर चपलेचे पट्टे उमटून राहायचे. सकाळी डोळे सुजलेले. शेजारच्या टेबलावर इस्त्री करणारी म्हणाली, "रात्रभर रडतेस की काय?" मी म्हटलं, "रडायला वेळ कुठाय बाई." यंदाची बाटली भरली तेव्हा वर फेस आला होता. मला वाटलं, बाटली नीट विसळलेली नसेल.

चार-पाच दिवसांनी हे कामावरून आले ते चेहरा पांढराफटक करून. जोडे न काढताच खुर्चीत बसले. मी घाबरले.

"काय झालं? गाडी ठोकली?"

"कंपनीच्या डॉक्टरबाईंनी बोलावलं होतं. लघवीत प्रोटीन जातंय म्हणे. खूप. किडनीला सूज असेल म्हणाल्या. परत तपासायचं, आणि मग मोठ्या डॉक्टरकडे." त्यांनी कपाळ चोळलं. "किडनी गं. किडनी म्हणजे संपलंच की."

मी चहाचं भांडं हातात धरून उभी होते. हे जमिनीकडे बघत होते. मग एकाएकी यांची मान वर आली, आणि हे हसायलाच लागले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

"अरे हट्! पण ती माझी नव्हतीच की! मी उगाच जीव अर्धा केला सगळ्या रस्त्यात. चहा टाक, चहा टाक."

मी चहा टाकला. पाठ वळवून उभी राहिले आणि वाट बघितली. एवढं सोपं गणित आहे, आता पुढची पायरी येईलच यांच्या लक्षात, असं वाटलं. चहा उकळला, गाळला, यांनी फुर्र करून प्यायला. पुढची पायरी काही आली नाही. यांच्या डोक्यात दुसरंच चक्र फिरत होतं. फेरतपासणीला बाटली कुणाची न्यायची?

ती धाकट्या भाऊजींची नेली. भाऊजी सकाळी सकाळी आले, दोन तांबे पाणी पिऊन बसले आणि दात काढत म्हणाले, "दादा, भावाभावांत काही वेगळं नसतं म्हणतात ते असं." दोघं हसले. मीही हसले असेन. हसायची सवय असते तोंडाला.

फेरतपासणीचा रिपोर्ट स्वच्छ आला. हे मोठ्यांदा हाका मारतच घरात शिरले. "सुटलो गं! मशीनचीच चूक असेल म्हणाल्या डॉक्टरबाई. आता वर्षभर काळजी नाही." भाऊजीही जेवायला थांबले. मी वाढत होते. वाकले की पायांची कातडी ताणली जात होती. भाऊजी पहिला घास घेता घेता थांबले.

"दादा," ते म्हणाले, "मशीन बरोबर असेल तर?"

"तर काय?"

"तर वहिनीचं काय?"

हे त्यांच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. हातातलं ताट मला आपटावंसं वाटलं, पण मी ते खाली ठेवलं. इतका वेळ आत दाबून ठेवलेला राग वर आला आणि बाहेर पडेपर्यंत दमून गेला. शेजारच्या खुर्चीवर बसून मी पाय यांच्यासमोर लांब केला.

"रोज सकाळी टायर दाबून बघता ना? तसं बघा."

यांनी नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा पडला. आम्ही तिघंही त्या खळग्याकडे बघत बसलो. तो भरून यायचं नाव घेईना.

"कधीपासून?" यांनी विचारलं.

"तुमच्या रिपोर्टात येण्याच्या आधीपासून."

यांनी जेवण तसंच टाकलं. मग बोलले ते असं : "जाऊ आपण. जायचंच. फक्त थोडं थांबून गेलं तर? आत्ताच माझं प्रोटीन निघालं आणि लगेच तुझं..."

"दादा, जेव गप," भाऊजी म्हणाले. ते नेहमी चेष्टाच करतात, म्हणून त्यांचा तो आवाज मला आठवतो.

दोन दिवसांनी मी अर्धा दिवस रजा टाकून एकटीच कंपनीच्या तपासणीला गेले. टेबलावरच्या मुलीनं माझी बाटली उजेडात धरली, चिठ्ठी चिकटवली आणि यंत्रासारखं विचारलं, "ताई, नमुना तुमचाच ना?" दिवसभर प्रत्येकाला विचारत असेल बिचारी. "हो," मी म्हटलं, "माझाच." इतकी वर्षं देऊनही तसं मी पहिल्यांदाच सांगत होते.

मग डॉक्टरबाईंनी नवऱ्याला घेऊन या म्हणून निरोप पाठवला. यांनी बस डेपोत लावली आणि गणवेशातच आले. आम्ही दोघं टेबलासमोर बसलो. बाई सरळ बोलणाऱ्या होत्या. किडनीला सूज आहे, म्हणाल्या. नेहमीच्या तपासणीत पहिल्यांदा सापडलं आहे, लपवलेलं जुनं दुखणं नव्हे, म्हणून विमा खर्च देईल. त्याची चिंता करू नका.

"चिंता आहे ती दुसरी," त्या म्हणाल्या. "हे कधी सुरू झालं? अलीकडचं असेल तर आजच्या आज जोराचं औषध सुरू करता येईल आणि किडनी वाचेल. वर्षानुवर्षं आतल्या आत चाललेलं असेल तर तेच औषध अपाय करेल. मग आधी सुई घालून किडनीचा तुकडा काढायचा, तो तपासायचा, त्यात वेळ जाणार. तुमचा मागचा एखादा रिपोर्ट आहे का? गेल्या वर्षीचा?"

मी यांच्याकडे बघितलं.

"इथे तर दरवर्षी अनुपस्थित दिसतंय. दोघांची तपासणी फुकट असताना का येत नाही तुम्ही बायका?" त्या वैतागून म्हणाल्या. "बाहेर कुठे केली होती?"

उत्तर माझ्याकडे होतं, पण ते मला द्यायचं नव्हतं. यांची बाटली मी इतकी वर्षं भरली होती. हे एक वाक्यही मीच भरून द्यायचं? नाही. हे सांगणार नसतील तर सुई घालू देत, तुकडा काढू देत. मी इतकी थकले होते की मला ते खरंच चाललं असतं.

यांच्या मांडीवर बसची किल्ली होती. यांनी ती मुठीत घट्ट धरली, सोडली, पुन्हा धरली. बाईंनी कागद पुढे ओढला आणि मोठ्या हॉस्पिटलचं नाव लिहायला घेतलं.

"आहेत," हे म्हणाले. बाईंनी मान वर केली तसं पुन्हा म्हणाले, "आहेत, डॉक्टर. हिचे सगळ्या वर्षांचे रिपोर्ट आहेत. गेल्या वर्षीपर्यंत सगळे चांगले होते."

"कुठे आहेत?"

"माझ्या फायलीत."

बाईंना काही कळलं नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आळीपाळीनं आमच्याकडे बघितलं. यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि मुतखड्यापासून सांगायला सुरुवात केली. मी खुर्चीला पाठ टेकली.