राहिलेले दोन ठिपके

शहाऐंशी सालच्या मार्चमध्ये माझ्या थोरल्या बहिणीच्या, जयवंताबाईच्या, रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टर असं करतात तेव्हा एकतर बातमी वाईट असते, नाहीतर ते दमलेले असतात. त्या दिवशी दोन्ही होतं.

बाईच्या हृदयात दोन वर्षांपूर्वी धातूची झडप बसवली होती. झडपेवर गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी रोज घ्यायची, जन्मभर. दर महिन्याला बाई नरखेडकडून एसटीनं यायची, नागपूरला आमच्या धरमपेठेतल्या घरी उतरायची आणि मी अर्धा दिवस रजा टाकून तिला तपासणीला न्यायचो. साहेब विचारायचे, "बहीण अजून बरी नाही का?" मी सांगायचो, "बरी आहे, म्हणूनच दर महिन्याला येते."

"रक्त घट्ट झालंय," डॉक्टर म्हणाले. "गोळी चुकवलीत?"

"चुकवली नाही. उपास धरला."

"कसला?"

"गोळीचा. आठ दिवस."

बाईनं आजवर भात सोडला होता, मीठ सोडलं होतं, एका चातुर्मासात माझ्याशी बोलणं सोडलं होतं. गोळी सोडताना आपण काही वेगळं करतो आहोत असं तिला वाटलंच नव्हतं. गुठळी झाली तर अर्धांगवायू नाहीतर मरण, हे डॉक्टरांनी तिला तिसऱ्यांदा समजावलं. तिनं तिसऱ्यांदा मान डोलावली.

कारण रिक्षात कळलं. नऊ वर्षांची असताना तिच्या हातावर पाच ठिपक्यांचं फूल गोंदायला घेतलं होतं. तीन ठिपक्यांवर ती हात सोडवून पळाली. पन्नास वर्षं फूल तेवढंच.

"मेल्यावर अंगावरचं सारं उतरवून घेतात गा. गोंदण तेवढं संग येते. अन् माहं अर्धं. त्या आपरेशनच्या टेबलावर मले दुसरी कोणतीच फिकर नव्हती."

"मंग गोळी काहून सोडली वं?"

"गोपिका म्हणे, पातळ रक्तात रंग ठरत नाही. आधी रक्त घट्ट कर, मंग ये."

गोपिका म्हणजे बाईच्या गावच्या बाजारात गोंदायला बसणारी. तिच्या म्हणण्याला डॉक्टरांच्या म्हणण्यापेक्षा वजन होतं, कारण ती तपासायला नागपूरला बोलवत नव्हती.

"अन् उपासात मेली असती तर?"

"तर अर्धंच घेऊन गेली असती. तेच तं सांगून राहिली तुले. या खेपेले बाजाराच्या आधी तपासणी आली. पुढच्या महिन्यात पुन्हा धरतो."

ती धरणार हे मला माहीत होतं. चातुर्मासात ती खरोखरच चार महिने बोलली नव्हती.

मी दुसऱ्या दिवशी एकटाच डॉक्टरांकडे गेलो. गोळी चालू ठेवून दोन ठिपके गोंदले तर चालेल का, असं सरळ विचारलं.

"गोंदू नये. रक्त थांबत नाही, आणि जंतू गेले तर ते थेट झडपेवर बसतात."

"नाही गोंदलं तर ती गोळी सोडते."

ते चिठ्ठीवर लिहायला लागले. पुढचा रिपोर्ट बरोबर आल्यावर. कोऱ्या सुया, वीस मिनिटं उकळून. आधी ही औषधं. दोनच ठिपके. दाबून धरायचं. खाली सही केली नाही.

एप्रिलमध्ये रिपोर्ट बरोबर आला. गोपिकेला मी एसटीचं भाडं पाठवून बोलावलं. माझी बायको शामला हिनं चहाच्या पातेल्यात सुया उकळल्या आणि ते पातेलं आता चहाला चालणार नाही, हे मला दोनदा सांगितलं. काजळीचा रंगही गोपिकेला उकळून घ्यायला लावला. तिनं चाळीस वर्षांत असा अपमान सोसला नव्हता.

टोचायला दोन मिनिटं लागली. बाई पळाली नाही. मग मी अंगठा ठेवला. दहा मिनिटांनी उचलला, रक्त होतंच. वीस मिनिटांनीही होतं.

"तुहा हात दुखत असन," बाई म्हणाली.

"दुखू दे. हलू नको."

"लहानपणी तू चिमटे लय घेत होता. आता कामी आलं."

पाऊण तासानं रक्त थांबलं. एक ठिपका ठिपक्यासारखा उठला होता. दुसरा पसरून बोराएवढा निळा डाग झाला होता.

गोपिका वाकून बघून म्हणाली, "हा ठिपका नव्हे, माय. म्या सांगतलं होतं. गोळी सोडून या, पुन्हा टोचून देतो."

मी बाईकडे पाहिलं. शामलानंही पाहिलं. बाई हात उजेडाकडे धरून मोजत होती, एक, दोन, तीन, चार. डागापाशी जरा थांबली.

"पाच," ती म्हणाली. "वरच्याले दिसत नसन तं त्यानं चष्मा घ्यावा."

मग तिनं पाणी मागितलं. गोळीची वेळ व्हायला अजून तास होता. तिनं पिशवीतून गोळी काढून ओच्यात धरून ठेवली, आणि डागातून पुन्हा लाल दिसायला लागलं, म्हणून मी परत अंगठा ठेवला.